कमानी धरणाचे सांधे आणि प्रतिबल: या चुका टाळा

कमानी धरण बांधलं जात असताना ते कमान नसतं. १५ ते २० मीटर रुंदीचे काँक्रीटचे ब्लॉक दरीत शेजारी शेजारी वर चढत असतात. दोन ब्लॉकांच्या मध्ये उभा सांधा असतो आणि प्रत्येक ब्लॉक पायात रोवलेल्या खांबासारखा एकटा उभा असतो. काँक्रीट थंड होतं, आकसतं, सांधे उघडतात. मग त्या फटींमध्ये सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पाण्यात पातळ कालवलेलं सिमेंट, भरलं जातं. ग्राउट घट्ट झालं की पहिल्यांदाच दरीच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत दाब वाहून नेणारा सलग दगड तयार होतो. कमान त्या दिवशी जन्माला येते.

म्हणून या धरणातलं प्रतिबल केवळ आकारावर आणि पाण्याच्या पातळीवर ठरत नाही. सांधा कधी बंद झाला, किती तापमानाला बंद झाला आणि त्या वेळी धरणाच्या अंगावर कोणता भार होता, या तीन गोष्टी त्यात कायमच्या मिसळलेल्या असतात. नकाशावर सांधा ही एक बारीक रेघ दिसते, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पुढच्या बहुतेक चुका त्या दुर्लक्षातूनच येतात.

शब्दांबद्दल आधीच सांगतो. इथे ‘प्रतिबल’ म्हणजे स्ट्रेस, ‘ताण’ म्हणजे ओढणारं प्रतिबल आणि ‘दाब’ म्हणजे चेपणारं. बोलताना आपण सगळ्यालाच ताण म्हणतो. पण काँक्रीट दाब सहज सोसतं आणि ताणाला लवकर हार मानतं, त्यामुळे हा फरक इथे सोडून चालत नाही.

सांधा बंद करायचं तापमान सोयीनं ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो.

मास काँक्रीटचा, म्हणजे धरणासारख्या अवाढव्य कामात ओतलेल्या काँक्रीटचा, प्रसरण गुणांक साधारण १ अंश सेल्सिअसला दहा लाखांत १० भाग असतो. १५ मीटर रुंदीचा ब्लॉक २० अंशांनी थंड झाला तर तो ३ मिलिमीटर आकसतो. तेवढीच फट सांध्यात मिळते आणि ती ग्राउटनं छान भरता येते. तोच ब्लॉक ८ अंशच थंड झाला असताना घाई केली तर फट सव्वा मिलिमीटरच्या आसपास राहते. ती कशीबशी भरली जाते, पण उरलेले १२ अंश धरण नंतर कमान म्हणून थंड होतं. आता आकसायला सांधा मोकळा नाही. ते आकसणं कमानीच्या पोटात ताण होऊन बसतं.

किती ताण? टोकं पक्की धरलेली आहेत असं मानलं आणि काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक २० गिगापास्कल धरला, तर ५ अंशांच्या चुकीचं प्रतिबल १ मेगापास्कल येतं. खडक थोडा देतो, काँक्रीट काळानुसार थोडं सैलावतं, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी भरतो. तरी मास काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दोन-तीन मेगापास्कलच असते हे लक्षात घेतलं, तर पाच अंशांची ‘किरकोळ’ चूक किती मोठी आहे ते कळतं. शिवाय हा ताण नेमका नको तिथे येतो. कमान आकसली की तिचा मधला भाग कोरड्या बाजूकडे सरकतो. मग मध्यावर कोरड्या बाजूच्या पृष्ठभागावर ताण येतो आणि अबटमेंटजवळ, म्हणजे दरीच्या खांद्यांपाशी, पाण्याकडच्या पृष्ठभागावर. पाण्याच्या भारानंही अबटमेंटजवळ त्याच बाजूला ताण येण्याची प्रवृत्ती असते. दोन्ही एकमेकांत मिसळतात.

मग जितकं थंड तितकं चांगलं का? तसंही नाही. फार थंड अवस्थेत सांधे बंद केले तर उन्हाळ्यात कमान फुगते आणि पाण्याकडे ढकलली जाते. तेव्हा जलाशय खाली असेल तर तिला मागे रेटायला पाणीही नसतं आणि कोरड्या बाजूला पायथ्याशी ताण येऊ शकतो. म्हणून उन्हाळा आणि रिकामा जलाशय ही जोडी तपासल्याशिवाय बंद करण्याचं तापमान पक्कं करू नये. हिवाळा आणि भरलेला जलाशय ही जोडी सगळेच तपासतात.

दुसरी गोम अशी की हे तापमान साऱ्या धरणाला एकच ठेवायची सवय आहे. हवामानाची वार्षिक लाट काँक्रीटमध्ये साधारण तीन मीटर आत गेली की तिचा जोर जवळपास एक तृतीयांशावर येतो आणि दहा मीटरवर ती नावापुरतीच उरते. माथ्याकडचा पाच-सहा मीटर जाडीचा भाग ऋतूबरोबर तापतो आणि गार होतो. पायथ्याच्या पंचवीस मीटर जाड भागाच्या गाभ्याला ऋतू बदलल्याचा पत्ताही नसतो. त्यातच खोल पाण्याला टेकलेली बाजू वर्षभर गार राहते आणि ऊन खाणारी बाजू तापते. त्यामुळे पायथा, मधला भाग आणि माथा यांचं बंद करण्याचं तापमान वेगवेगळं ठरवणं हेच रास्त आहे.

‘थंड होऊ दे आपोआप’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. २० मीटर जाडीची भिंत स्वतःहून थंड व्हायला लागली तर आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक एक तृतीयांशावर यायला साधारण सव्वा वर्ष लागतं. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. अमेरिकेतलं हूवर धरण कमानी-गुरुत्व प्रकारचं, म्हणजे कमान आणि स्वतःचं वजन दोन्हींवर टिकणारं, २२१ मीटर उंच आणि फार जाड. ते आपोआप थंड व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती असा अंदाज होता. म्हणून १९३०च्या दशकात त्याच्या काँक्रीटमध्ये एक इंच व्यासाचे ९३० किलोमीटरहून जास्त लांबीचे पाइप घालून त्यांतून गार पाणी फिरवलं गेलं, सांधे उघडल्यावर ते ग्राउटनं भरले आणि शेवटी ते पाइपही भरून टाकले. पण इथेही अती घाई नको. रोज अर्ध्या ते एक अंशाहून जास्त वेगानं थंड केलं तर ब्लॉकच्या आतच भेगा पडतात. म्हणजे जी भेग सांध्याच्या जागी आपल्या मर्जीनं यायला हवी, ती ब्लॉकमध्ये तिच्या मर्जीनं येते.

आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते. फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची राख, भरपूर असलेलं काँक्रीट उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. कुलिंग बंद केल्यावर आतलं तापमान पुन्हा चढू शकतं. म्हणून ग्राउटिंगच्या दिवशीचा थर्मामीटरचा आकडा नोंदवून थांबू नका. पुढचे काही महिने वाचन चालू ठेवा आणि विश्लेषणात तो चढही घाला.

अर्धवट भरलेला सांधा पूर्ण भरला असं धरून चालणं

ग्राउटिंगच्या नोंदवहीत ‘परतीच्या नळीतून ग्राउट आलं’ एवढं लिहिलेलं असतं. त्यावरून सांधा तळापासून वरपर्यंत आणि या पृष्ठभागापासून त्या पृष्ठभागापर्यंत भरला असं मानणं धोक्याचं आहे. फट अर्ध्या मिलिमीटरच्या खाली असेल तर साध्या सिमेंटचे कण तिच्यात नीट शिरत नाहीत. पाणी पुढे जातं आणि सिमेंट मागे अडकतं.

अशा उरलेल्या फटींचा परिणाम हिशेबात कसा दिसतो ते पाहा. कमानीची लांबी ३०० मीटर, ब्लॉक १५ मीटरचे, म्हणजे सांधे विसाच्या घरात. प्रत्येकात सरासरी १ मिलिमीटर फट राहिली तर एकूण २० मिलिमीटर झाली. पाणी चढलं की आधी ही फट मिटेपर्यंत कमान सरकणार आणि मग कुठे दाब घेऊ लागणार. ३०० मीटरमध्ये २० मिलिमीटर म्हणजे ६ ते ७ अंश तापमान उतरल्याइतकं आकुंचन. वरच्या हिशेबानं ते सव्वा मेगापास्कलच्या आसपास जातं. म्हणजे सांधे अगदी योग्य तापमानाला भरले, पण नीट भरले नाहीत, तर पहिली चूक मागच्या दारानं परत आली.

फट मिटेपर्यंत पाण्याचा भार कोण घेतं? उभे ब्लॉक घेतात, एकेकटे, कॅंटिलिव्हर म्हणून, म्हणजे फक्त पायाशी धरलेल्या खांबासारखे. त्यामुळे टाचेला, म्हणजे पाण्याकडच्या पायथ्याला, उभ्या दिशेनं ताण वाढतो. याचं लक्षण जलाशयाच्या पहिल्या भरणीत दिसतं. सुरुवातीच्या पातळीला धरण अपेक्षेपेक्षा जास्त वाकतं आणि पाणी आणखी चढल्यावर एकदम ताठ झाल्यासारखं वागतं. धरणाचं झुकणं मोजणाऱ्या लंबकाच्या वाचनाचा आलेख असा मोडलेला दिसला तर काँक्रीटच्या गुणांकावर खापर फोडण्याआधी सांध्यांच्या नोंदी काढा.

उपाय काँक्रीट ओतण्याच्या आधीच करून ठेवायचे असतात. पुन्हा ग्राउट करता येईल अशा झडपांच्या नळ्या बसवा. त्या पहिल्या वेळीच स्वच्छ पाण्यानं धुऊन ठेवल्या नाहीत तर दुसऱ्या वेळी उपयोगाच्या राहत नाहीत, आणि साइटवर हे धुणंच सगळ्यात आधी गाळलं जातं. फट बारीक असेल तर दाब वाढवण्यापेक्षा अतिसूक्ष्म सिमेंट वापरा. काही सांध्यांमधून कोअर, म्हणजे आरपार छिद्र पाडून काढलेले दंडगोल नमुने, काढून बघा. प्रत्येक सांध्यावर सांधामापक दोन्ही पृष्ठभागांजवळ ठेवा, कारण सांधा कोरड्या बाजूला उघडा आणि पाण्याकडे मिटलेला असणं अगदी शक्य आहे, आणि एकच मापक असेल तर ते कळणार नाही.

ग्राउटच्या दाबाला क्षुल्लक समजणं

ग्राउटचा दाब बोलताना साधारण वाटतो. साडेतीन किलो प्रति चौरस सेंटिमीटर, त्यात काय? पण १५ मीटर उंच आणि २० मीटर जाड अशा सांध्यावर तो लावला की क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर होतं आणि ब्लॉकवर आडवं बल १०,००० टनांच्या पुढे जातं. ग्राउटच्या स्वतःच्या वजनामुळे तळाशी आणखी ०.२ मेगापास्कलहून जास्त भर पडते ती वेगळीच.

हा रेटा शेजारच्या न भरलेल्या सांध्याकडे जातो. तो सांधा मिटतो, मग त्याच्यात ग्राउट जात नाही. किंवा उंच ब्लॉक एका बाजूला वाकून त्याच्या पायथ्याशी ताण येतो. म्हणून शेजारचे सांधे त्या वेळी पाण्यानं भरून ठेवायचे, भरणाऱ्या सांध्यावर डायल गेज लावायचा आणि फट ठरलेल्या मर्यादेबाहेर रुंदावू लागली की थांबायचं. ही मर्यादा सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. गेजशेजारी माणूस उभा नसेल तर ग्राउटिंग सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पंपावर बसलेल्याला भिंतीच्या पलीकडे काय हललं ते दिसत नाही.

स्वतःचं वजन एका झटक्यात लावणं

ही चूक साइटवर नाही, संगणकावर होते. आजकाल कोणीही फायनाइट एलिमेंटचं, म्हणजे धरणाचे छोटे तुकडे पाडून प्रतिबल काढणारं, मॉडेल दिवसभरात उभं करतो. सगळं धरण एकसंध, मग गुरुत्वाकर्षण चालू, मग पाणी. रंगीत चित्र सुंदर येतं आणि त्यात माथ्याजवळ, अबटमेंटच्या बाजूला, आडवा ताण दिसतो.

तो ताण खोटा असतो. मधला ब्लॉक उंच, कडेचे बुटके. उंच ब्लॉक वजनानं जास्त बसतो. मॉडेलमध्ये सगळे एकमेकांना चिकटलेले असल्यानं मधला भाग कडेच्या भागांना लोंबकळतो आणि वरच्या पट्ट्यात ओढ तयार होते. खऱ्या धरणात ते वजन बसलं तेव्हा सांधे उघडे होते. प्रत्येक ब्लॉकनं आपलं वजन सरळ आपल्या पायावर नेलं. १०० मीटर उंच ब्लॉकच्या तळाशी २.४ मेगापास्कलच्या घरात उभा दाब तयार झाला आणि कमानीला त्याचा पत्ताही नव्हता.

उलट बाजूची चूक त्याहून वाईट. खोटा ताण दिसला म्हणून घाबरणारा निदान सुरक्षित बाजूला चुकतो. पण एकसंध मॉडेलमध्ये मधल्या उंच ब्लॉकचं थोडं वजन कडेला वाटलं गेलेलं असतं, त्यामुळे टाचेवरचा उभा दाब खऱ्याहून वेगळा येतो. भरलेल्या जलाशयात टाच उघडू न देणारा मुख्य आधार हाच दाब. त्याचा हिशेब चुकला तर पुढचं सगळंच चुकलं.

बरोबर पद्धत कष्टाची आहे, पण तिला पर्याय नाही. ब्लॉक स्वतंत्र ठेवून वजन लावा, तेही लिफ्टच्या, म्हणजे एका वेळी ओतलेल्या थरांच्या, टप्प्यांत. मग खालचा पट्टा ग्राउट झाला असं धरून तेवढेच सांधे जोडा. त्यानंतर चढलेल्या काँक्रीटचं वजन खाली अंशतः कमानीवर जाईल, ते तसंच जाऊ द्या. मग तापमान, मग पाणी. ग्राउटिंगचं वेळापत्रक बदललं की ही साखळी पुन्हा चालवा. बांधकामात वेळापत्रक बदलतंच, आणि संरचना विभागाला ते महिनाभरानं कळतं. या एका संवादाअभावी कितीतरी चांगली विश्लेषणं कागदावरच राहतात.

याच हिशेबातून आणखी एक तपासणी निघते. दुहेरी वक्रतेच्या धरणात काही ब्लॉक पाण्याच्या दिशेनं झुकलेले असतात. सांधे भरेपर्यंत अशा ब्लॉकला पाण्याचा टेकू नसतो आणि शेजाऱ्यांचाही नसतो. कोरड्या बाजूला त्याच्या पायथ्याशी ताण येतो. खालचे सांधे न भरता ब्लॉक किती उंच जाऊ द्यायचा याची मर्यादा नकाशावर आकड्यात लिहिलेली हवी. तसंच सांधे न भरता जलाशयात पाणी साठू दिलं, तर तो भार कॅंटिलिव्हरनं घेतलेला असतो आणि नंतर ग्राउट केलं तरी तो कमानीकडे परत जात नाही. पाणी उतरेपर्यंत तो तिथेच राहतो. पूर आला, नाइलाज झाला, हे होतं. पण मग ती पातळी विश्लेषणात लिहा.

कातर चाव्या: शोभेच्या की कामाच्या

सांध्याच्या पृष्ठभागावर उभे खाचे आणि उंचवटे असतात, त्यांना साइटवर ‘शिअर की’ किंवा नुसतं ‘की’ म्हणतात. एक ब्लॉक शेजारच्या ब्लॉकपेक्षा पुढे-मागे सरकू नये हे त्यांचं काम. सांधा दाबाखाली घट्ट असताना घर्षणच बरंचसं काम करतं. ही की कामाला येते ती सांधा उघडल्यावर.

चूक अशी होते की कीचे कोपरे टोकदार ठेवले जातात. तिथे प्रतिबल एकवटतं आणि शटरिंग काढतानाच कोपरे तुटतात. उतार दिलेली, गोलसर कडांची की टिकते. आणि विश्लेषणात ‘की आहे, म्हणून सांधा सरकत नाही’ असं आंधळेपणानं धरू नका. उतार दिलेली की असेल तर सांधा जितका उघडेल तितकी तिच्यात सैल जागा तयार होते.

परिघीय सांध्याला रामबाण समजणं

धरणाचा देह आणि पायाचं काँक्रीट यांच्यात, दरीच्या कडेकडेनं, एक सलग सांधा ठेवायची पद्धत आहे. इटलीत त्या पायाच्या काँक्रीटला पुल्विनो म्हणतात. वायॉन्टचं २६१.६ मीटर उंच धरण आणि जॉर्जियातलं २७१.५ मीटर उंच एंगुरी या पद्धतीची उदाहरणं आहेत. कल्पना चांगली आहे. दरी वेडीवाकडी असली तरी वरच्या कमानीला गुळगुळीत, जवळपास सममित बैठक मिळते आणि टाचेला येणारा ताण काँक्रीट फाडण्याऐवजी सांधा किंचित उघडून निघून जातो.

पण प्रतिबल कुठे गायब होत नाही. पायाशी कॅंटिलिव्हरची पकड सैल केली की तो भार कमानीकडे जातो, कमानीतला दाब वाढतो आणि अबटमेंटवरचा रेटाही वाढतो. सांधा उघडला की उरलेल्या कमी जागेतून कातर बल, म्हणजे घसरवणारं बल, जायला हवं. तो सांधा पाणी रोखणाराही हवा, नाहीतर उघडलेल्या भागात पाण्याचा पूर्ण दाब शिरतो आणि वरच्या देहाला उचलू लागतो. म्हणून परिघीय सांधा घालायचा की नाही हे टाचेचा ताण पाहून ठरवू नका. कमान आणि खडक तो जास्तीचा भार घेऊ शकतात का, हे पाहून ठरवा.

टाचेकडे बघायचंच नाही असं केलं तर काय होतं ते ऑस्ट्रियातल्या कोल्नब्राइननं दाखवलं. २०० मीटर उंच, रुंद दरी, सडपातळ देह. १९७८मध्ये पाणी वर गेल्यावर पाण्याकडच्या पायथ्याला भेगा पडल्या, गळती सेकंदाला २०० लिटरपर्यंत गेली आणि पायाखालचा उत्थापक, म्हणजे वर उचलणारा, पाण्याचा दाब वाढला. काँक्रीटनं स्वतःच तिथे सांधा पाडून घेतला होता, पण वॉटरस्टॉप, म्हणजे सांध्यात पाणी अडवणारी पट्टी, नसलेला आणि नको त्या कोनातला. दुरुस्तीत कोरड्या बाजूला मोठा टेकू ब्लॉक बांधला गेला आणि तो १९९०च्या दशकात पुरा झाला. त्या दुरुस्तीची खुबी सांध्यातच आहे. जुनं धरण आणि नवा टेकू सरळ चिकटवले नाहीत. मधे नियोप्रीनच्या, म्हणजे कृत्रिम रबराच्या, गाद्या आणि कमी-जास्त करता येणाऱ्या फटी ठेवल्या, म्हणजे पाणी वर चढेल तसा टेकू भार घेत जाईल. चिकटवला असता तर रिकाम्या जलाशयात आणि उन्हाळ्यात तोच टेकू धरणाला छळत राहिला असता. सांध्याची फट ही भार वाटून देणारी वस्तू आहे, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

आडव्या सांध्यांना विसरणं

दर दीड ते तीन मीटरला एक लिफ्ट संपते आणि आडवा सांधा तयार होतो. कॅंटिलिव्हरचा सगळा उभा ताण याच सांध्यांना आडवा जातो. तिथलं काँक्रीट अखंड काँक्रीटइतकं ताण सोसत नाही. वर साचलेला मलईसारखा सिमेंटचा थर पाण्याच्या जोरदार झोतानं काढला नाही तर जवळपास काहीच सोसत नाही. प्रयोगशाळेतल्या सिलिंडरवरून ताणाची मर्यादा ठरवायची आणि लिफ्टच्या सांध्याचे कोअर तपासायचेच नाहीत, हा हिशेब स्वतःचीच फसवणूक आहे. वॉटरस्टॉपच्या खाली काँक्रीट नीट कंप देऊन बसलं नाही तर तिथे हनीकोंब, म्हणजे पोकळ्यांची जाळी, होतो आणि पाणी वॉटरस्टॉपला वळसा घालून जातं. ही चूक जुनी, सोपी, आणि तरी दर वेळी होते.

सांधा कुठून आणि कोणत्या दिशेनं न्यायचा

सांध्याचं प्रतल कमानीच्या अक्षाला शक्य तितकं काटकोनात असावं, म्हणजे कमानीचा दाब त्याच्यावर सरळ बसतो. तिरकं ठेवलं तर प्रत्येक टन दाबाबरोबर थोडं घसरवणारं बल फुकट येतं. वक्रता उंचीबरोबर बदलत असेल तर हा काटकोन प्रत्येक पातळीला राहत नाही, मग सोयीसाठी उभं सपाट प्रतल घेतात. ते चालतं, पण तिरकेपणा किती होतो ते मोजून चालतं.

सांधा खडकाला टेकतो तिथे काँक्रीटची पातळ पाचर तयार होऊ देऊ नका. ती आधी तापते, आधी थंड होते आणि आधी फुटते. पायाच्या खडकात अचानक पायरी असेल तर सांधा तिथे आणा. नाही आणला तर ब्लॉक स्वतःच तिथे भेग पाडून घेतो. रोलर कॉम्पॅक्टेड, म्हणजे रोलरनं दाबून बसवलेल्या, काँक्रीटच्या कमानी धरणात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे सलग थर ओततात आणि ठरावीक अंतरावर काँक्रीट मुद्दाम दुबळं करून भेग ‘बोलावून’ घेतात. अंतर फार ठेवलं तर भेग मधेच कुठेतरी येते.

भूकंपात सांधा उघडतो हे न मानणं

रेषीय विश्लेषणात, म्हणजे सांधे कधीच उघडत नाहीत असं धरलेल्या हिशेबात, भूकंपाच्या वेळी माथ्याजवळ कमानीत चार-पाच मेगापास्कल ताण दिसतो आणि लोक काँक्रीटचा दर्जा वाढवायला धावतात. उभा सांधा तेवढा ताण घेतच नाही, तो उघडतो. उघडला की कमानीचा ताण शून्य होतो आणि तो भार कॅंटिलिव्हरकडे जातो, म्हणून मधल्या उंचीवर उभ्या दिशेनं आणि लिफ्टच्या सांध्यांवर ताण वाढतो. काँक्रीट मजबूत करायचंच असेल तर कुठे करायचं, हे सांधे उघडणारं मॉडेलच सांगतं.

कॅलिफोर्नियातल्या पकोइमा धरणानं हे दोनदा दाखवलं. ते १९२९च्या सुमाराचं, साधारण ११३ मीटर उंच. १९७१च्या सान फर्नांडो भूकंपात धरण आणि डाव्या बाजूचा टेकू ब्लॉक यांच्यातला सांधा सुमारे एक सेंटिमीटर उघडला. दुरुस्ती झाली आणि डाव्या खडकात त्याला धरून ठेवणारे केबलचे नांगर टाकले गेले. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात तोच सांधा माथ्याशी सुमारे पाच सेंटिमीटर उघडला, कारण डाव्या बाजूचा खडकच हलला. दोन्ही वेळा पाणी माथ्यापासून बरंच खाली होतं. इथे बरेच जण चुकीचा निष्कर्ष काढतात. पाणी कमी म्हणजे धोका कमी, असं त्यांना वाटतं. पण सांधे घट्ट मिटवून ठेवणारा दाब पाणीच देतं. पातळी खाली असताना सांधे उघडायला मोकळे असतात, म्हणून भूकंपाची तपासणी भरलेल्या आणि खालच्या अशा दोन्ही पातळ्यांना करा.

आणि खडकातले सांधे? भूशास्त्रज्ञ आणि आपण एकच शब्द वापरतो, पण फायली वेगळ्या ठेवतो. फ्रान्समधलं मालपासे धरण २ डिसेंबर १९५९ रोजी फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. धरणाच्या काँक्रीटमध्ये दोष नव्हता. डाव्या बाजूचा खडक त्याच्यातल्या प्रतलांवरून सरकला. कमानीचा सगळा रेटा शेवटी खडकाच्या सांध्यांवरच जाऊन टेकतो. काँक्रीटच्या सांध्यांइतकीच कसून तपासणी खडकातल्या सांध्यांची व्हायला हवी.

सांध्यातून पाणी येतंय: आधी काय बघायचं

गळती दिसली की लगेच ग्राउटची मशीन मागवू नका. आधी एक वर्षाचा आलेख काढा. एका अक्षावर सांध्याची फट, त्याखाली पाण्याची पातळी, त्याखाली काँक्रीटचं तापमान. हिवाळ्यात फट आणि गळती वाढते आणि उन्हाळ्यात दोन्ही जवळपास पूर्वपदावर येतात, असा नेम असेल तर सांधा श्वास घेतोय. वॉटरस्टॉप कुठे कमजोर आहे ते शोधा, निचरा मोकळा ठेवा. उन्हाळ्यात, सांधे मिटलेले असताना, दाब देऊन ग्राउट भरणं निरुपयोगी. भरायचंच तर फट सगळ्यात रुंद असते तेव्हा, आणि तेही बंद करण्याच्या तापमानाचा हिशेब पुन्हा मांडून, कारण आपण कमानीची जन्मवेळ बदलत असतो.

उन्हाळ्यानंतर फट पूर्वीच्या जागी परत येत नसेल, दर वर्षी थोडी थोडी उरत असेल, तर प्रश्न सांध्याचा नसून आधाराचा असू शकतो. उलट सांधे दर वर्षी जास्त घट्ट होत असतील, गळती कमी होत असेल आणि माथा हळूहळू पाण्याकडे झुकत असेल, तर ‘सुधारणा’ झाली म्हणून खूश होऊ नका. काँक्रीट फुगतंय का ते पाहा, खडीतल्या रासायनिक क्रियेमुळे असं होतं.

आणि पातळी, तापमान सगळं नेहमीचं असताना लंबक वेगळं सांगू लागला तर? स्वित्झर्लंडमधलं झ्युझिए धरण १५६ मीटर उंच, १९५७चं. वीस वर्षं ते शहाण्यासारखं वागलं. १९७८च्या शेवटी त्याची वाचनं नेहमीच्या पट्ट्यातून बाहेर पडली आणि माथा पाण्याच्या रेट्याच्या उलट दिशेनं, म्हणजे पाण्याकडेच, सरकू लागला. कारण धरणात नव्हतं. दीडेक किलोमीटरवर, बरंच खाली, रस्त्याच्या बोगद्यासाठी शोध-बोगदा खणला जात होता. त्यानं डोंगरातलं पाणी काढून घेतलं, खडक बसला, दरी अरुंद झाली आणि कमान दोन्ही बाजूंनी चेपली गेली. उभे सांधे उघडले, भेगाही पडल्या. जलाशय उतरवून सांधे आणि भेगा इपॉक्सी रेझिननं भरल्या गेल्या आणि मग पाणी टप्प्याटप्प्यानं चढवलं. तिथल्या लोकांनी वाचनं नियमित बघितली आणि फरक दिसताच कारण धरणाबाहेरही शोधलं, म्हणून ते वेळेत कळलं. तुमच्या धरणाच्या सांधामापकाची तार तुटली असेल तर ती पुढच्या भरणीच्या आधी जोडून घ्या.